रात्रपाळीला कोण आहे?

वृद्धाश्रम बघायला गेलं की आधी बाग दाखवतात. मग छोटंसं देऊळ, टीव्हीची खोली, भिंतीला लावलेले कठडे, आठवड्याचा मेनू, गेल्या कोजागरीचे फोटो. दाखवणारे गृहस्थ नम्र असतात, चहा चांगला असतो. मुलगा-सून किंवा लेक-जावई दर विचारतात, डिपॉझिट विचारतात, ‘डॉक्टर येतात ना हो?’ एवढं विचारून घेतात आणि परतताना गाडीत एकमेकांना सांगतात, ‘स्वच्छ आहे.’ फरशी खरोखरच स्वच्छ असते. पण आईला रात्री दीड वाजता बाथरूमला जायचं असेल, तेव्हा तिला उठवायला एखादी बाई लागते. ती बाई किती तासांपासून जागी आहे, तिच्यावर आणखी किती जणांची जबाबदारी आहे, मागच्या महिन्याचा पगार तिच्या हातात पडला आहे का, यातलं काहीच त्या फेरफटक्यात कुणी विचारलेलं नसतं.

म्हाताऱ्या माणसाची देखभाल कशी होणार हे ओळखायची सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे ती देखभाल करणाऱ्याची नोकरी. तिचे तास, तिची झोप, तिचा पगार, तिची सुट्टी. हे कामगार संघटनेच्या पत्रकासारखं वाटेल. पण पैसे भरणाऱ्या कुटुंबाने निव्वळ स्वतःचा स्वार्थ पाहिला, तरी पहिला प्रश्न हाच निघतो. याचे दाखले श्रीमंत देशांतलेच आहेत, जिथे कायदे आहेत, तपासनीस आहेत आणि पैसाही आहे.

कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या डोर्व्हाल इथे ‘हेरॉन’ नावाचं खासगी वृद्धनिवास होतं. महिन्याला हजारो डॉलर मोजून लोकांनी आई-वडिलांना तिथे ठेवलं होतं. २०२० च्या मार्च अखेरीस सरकारी आरोग्य यंत्रणेची माणसं आत शिरली, तेव्हा सुमारे १३० रहिवाशांमागे मोजून दोन-चार कर्मचारी उरले होते. बाकीचे आजारी पडले होते, नाहीतर घाबरून घरी बसले होते. कित्येक रहिवासी तहानलेले, उपाशी, ओल्या डायपरमध्ये तसेच पडून होते. त्या काही आठवड्यांत तिथले ४७ जण गेले. दोष कोरोनावर ढकलणं सोपं होतं. पण माणसं आधीपासूनच अपुरी होती, हे पुढे चौकशीत समोर आलं. साथीने फक्त शेवटचा धक्का दिला.

त्याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलँड इथल्या वृद्धनिवासातून साथ आजूबाजूच्या निवासांत पसरली. ती कशी पसरली याचा शोध घेतला, तेव्हा जी कारणं निघाली त्यांत एक असं, की कर्मचारी एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करत होते आणि अंगात ताप असतानाही कामावर येत होते. एका पगारात घर चालत नसेल आणि आजारपणाच्या रजेत पगार कापला जात असेल, तर दुसरं काय होणार? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हे लवकर ओळखलं. एका कर्मचाऱ्याने एकाच निवासात काम करायचं, असा हुकूम तिथे निघाला आणि त्यासोबत सरकारने कमी पगार असलेल्या ठिकाणचे पगारही वर आणले. नुसता हुकूम काढला असता, तर निम्म्या निवासांत माणसंच उरली नसती.

अमेरिकेच्याच २०१७ आणि २०१८ च्या नोंदींवरून निघालेला एक आकडा प्रत्येक आश्रमचालकाच्या टेबलावर लावून ठेवावा असा आहे. तिथल्या नर्सिंग होममध्ये परिचर्येच्या कर्मचाऱ्यांची वर्षभरातली गळती सरासरी १२८ टक्के होती. म्हणजे वर्ष संपेपर्यंत सगळा संच बदलून वर पुन्हा थोडा बदललेला. आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, आजींना गोळी घासातून द्यावी लागते, अमक्या आजींना अंधारात जाग आली की त्या घाबरून कठड्यावरून उतरू पाहतात, हे कुठल्याच फायलीत लिहिलेलं नसतं. ते करणाऱ्या बाईच्या डोक्यात असतं. ती सोडून गेली की ही माहितीही तिच्यासोबत जाते.

सगळ्यांत सविस्तर पंचनामा ऑस्ट्रेलियाने केला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ओकडेन या सरकारी केंद्रात वृद्धांना गुंगीची औषधं बेसुमार दिली जात होती, अंगावर वळ उठत होते, आणि अधिकृत मान्यतेचा शिक्का मात्र शाबूत होता. एका कुटुंबाने तक्रार लावून धरली म्हणून ते उघडकीस आलं. २०१७ मध्ये ओकडेन बंद झालं आणि २०१८ मध्ये शाही चौकशी आयोग नेमला गेला. आयोगासाठी झालेल्या अभ्यासात दिसलं, की अर्ध्याहून जास्त, ५७.६ टक्के रहिवासी अशा निवासांत राहतात, जिथलं मनुष्यबळ पाच ताऱ्यांपैकी एक किंवा दोन ताऱ्यांच्याच लायकीचं आहे. त्याआधीच्या एका पाहणीत एका रहिवाशाच्या दिवसभराच्या अन्नसामग्रीवर सरासरी ६.०८ डॉलर खर्च होत असल्याचं आढळलं होतं. आयोगाचा अंतिम अहवाल २०२१ च्या मार्चमध्ये आला. त्यात १४८ शिफारशी होत्या. त्यानंतर मात्र तिथे खरोखर काही हललं. २०२३ च्या जुलैपासून निवासात चोवीस तास नोंदणीकृत नर्स सक्तीची झाली. त्याच सुमारास कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनात १५ टक्क्यांची वाढ झाली. आणि दर रहिवाशामागे रोज किती मिनिटं प्रत्यक्ष देखभाल मिळाली पाहिजे, हेही ठरलं : आधी सरासरी २०० मिनिटं आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून २१५. त्यातली ४४ नोंदणीकृत नर्सची.

हा २१५ मिनिटांचा हिशेब आपल्याकडच्या वाचकाने खिशात ठेवावा. ४० जणांचा आश्रम असेल, तर २१५ गुणिले ४० म्हणजे ८,६०० मिनिटं, साधारण १४३ तास. बारा-बारा तासांची ड्युटी धरली, तर दिवस-रात्र मिळून बारा माणसं रोज हजर हवीत. स्वयंपाकी, माळी, वॉचमन आणि ऑफिसातले यांत धरायचे नाहीत. आपल्याकडे सगळेच रहिवासी अंथरुणाला खिळलेले नसतात, तेव्हा थोडं कमी चालेल. पण ४० जणांमागे दिवसा तीन आणि रात्री एक असं उत्तर आलं, तर बागेचं कौतुक तिथेच थांबवावं.

आपल्याकडे हे मोजायला कोण येतं? फारसं कुणी नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यामागे किमान एक, दीडशे जणांचा आश्रम राज्य सरकारने काढावा असं म्हटलं आहे, तेही निराधारांसाठी. पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी आश्रमात किती रहिवाशांमागे किती माणसं हवीत, याचं देशभर लागू होणारं बंधन त्यात नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. आश्रमांची नोंदणी, किमान दर्जा, घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांवर नियम, असं बरंच काही त्यात होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा विधेयक रद्द झालं. म्हणजे सध्या तरी तपासनीस म्हणजे कुटुंब. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींहून जास्त लोक होते आणि एकट्या महाराष्ट्रात १ कोटीच्या वर. आता तो आकडा बराच पुढे गेला आहे. एवढ्या कुटुंबांनी एकेकट्याने तपासनीस व्हावं हे काही व्यवस्थेचं लक्षण नाही. पण आईला पुढच्या महिन्यात कुठे ठेवायचं हा प्रश्न विधेयकासाठी थांबत नाही.

तर आश्रम बघायला जाण्याची वेळ. सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळं आवरलेलं असतं. एकदा रीतसर वेळ घेऊन जा आणि दुसऱ्यांदा न सांगता, संध्याकाळच्या जेवणाला किंवा रविवारी दुपारी जा. जेवणाच्या वेळी किती जणांना भरवावं लागतं आणि भरवणारे हात किती, एवढंच मोजा. म्हाताऱ्या माणसाला नीट बसवून, घास गिळल्याची खात्री करत भरवायला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. एका बाईकडे अशी आठ माणसं असतील, तर शेवटच्या आजोबांचं जेवण पहिल्या आजींनंतर अडीच तासांनी होणार. तसं ते होत नाही, म्हणजे काहीतरी दुसरं होतं. दोन खाटांच्या मध्ये स्टूल टाकून बसलेली बाई एक घास इकडे, एक घास तिकडे देते. भात, वरण, भाजी, कोशिंबीर सगळं एकाच वाटीत कालवलेलं असतं. मान मागे कललेली, तोंडातला घास संपायच्या आत पुढचा चमचा. ठसका लागतो तो इथे, आणि छातीत कफ भरून दवाखान्याची वारी होते तीही इथूनच. ती बाई दुष्ट नसते. तिला नऊच्या आत ताटं धुऊन द्यायची असतात.

मग तिच्याशी बोला. मॅनेजरसमोर ती ‘सगळं छान आहे’ म्हणणार, तेव्हा पाण्याचा ग्लास मागायच्या निमित्ताने बोला. मावशी, इथे किती दिवस झाले? गाव कुठलं? रात्री झोपायला कुठे जागा आहे? जेवण इथलंच का? शेवटची सुट्टी कधी घेतलीत? दोन वर्षांपेक्षा जास्त काळ टिकलेली तीन-चार माणसं एका आश्रमात भेटली, तर ती भिंतीवरच्या कुठल्याही प्रमाणपत्राहून मोलाची. सगळ्याच गेल्या दोन महिन्यांत आलेल्या असतील, तर आधीच्या का गेल्या ते मॅनेजरना स्पष्ट विचारा. रात्रपाळीची बाई व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आणि दिवसपाळीची बाई तीच, असं दिसलं तर तिथे ड्युटी बारा तासांची आहे यावर विश्वास ठेवू नका.

मॅनेजरना विचारायचे प्रश्न वेगळे. ऑफिसात हजेरीचं रजिस्टर असतंच. गेल्या रविवारच्या रात्रीचं पान बघायला मागा. दिवाळीच्या आठवड्यात किती जणी गावाला जातात आणि बदली कोण येतं? कर्मचाऱ्यांचा ईएसआय आणि पीएफ भरता का? साधारणपणे दहा माणसं कामावर असली की ईएसआय आणि वीस असली की पीएफ लागू होतो. चाळीस रहिवाशांचा आश्रम ‘आमच्याकडे सगळ्या सेवाभावी आहेत’ म्हणत असेल, तर सेवाभाव कुणाच्या पोटाला चिमटा काढून चालला आहे ते समजून घ्यावं. नर्स आहे असं सांगितलं, तर तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी विचारा. पांढरा कोट घातला म्हणून कुणी नर्स होत नाही, आणि इंजेक्शन देणं, नाकातून नळी घालणं, लघवीची नळी बसवणं ही कामं प्रशिक्षित, नोंदणीकृत माणसाचीच आहेत.

आई-वडील तिथे राहायला गेल्यानंतर भेटीची पद्धतही बदलायला हवी. खुर्ची ओढून गप्पा मारणं तर हवंच, पण महिन्यातून एकदा तरी अंघोळीच्या किंवा कपडे बदलायच्या वेळी हजर राहा. टाच, खुबा, माकडहाड बघा. लाल झालेली त्वचा बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहत असेल, तर ती बेडसोअरची सुरुवात असते. त्या टप्प्यावर कूस बदलणं आणि हवेची गादी यांनी निभावतं, पुढे ऑपरेशनपर्यंत जातं. वजनाचा तक्ता मागा. महिन्यात पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे साठ किलोचे आजोबा सत्तावन्नवर आले, तर डॉक्टरांना विचारायलाच हवं. जीभ कोरडी, लघवी गडद, म्हणजे पाणी कमी पडतंय. अनेकदा ते मुद्दाम कमी दिलं जातं, कारण पाणी जास्त म्हणजे डायपर जास्त. आणि आई अचानक ‘शांत’ झाली, दुपारीही पेंगते, तर नवीन गोळी कोणती आणि कुणी लिहून दिली ते तपासा. ऑस्ट्रेलियातल्या आयोगाने अंतिम अहवालाची वाट न पाहता, २०१९ च्या अंतरिम अहवालातच ज्या तीन गोष्टींवर तातडीने पावलं उचलायला सांगितली, त्यांत रहिवाशांना गुंगीच्या औषधांनी आवरणं ही एक होती. एका बाईला रात्री तीस जण सांभाळायचे असले, की झोपेची गोळी हीच तिची सहकारी होते.

बहुतेक मराठी घरांत मात्र आश्रमाची पायरी येतच नाही, किंवा फार उशिरा येते. त्याआधी येतो ब्युरो, म्हणजे घरी काळजीवाहू बाई पाठवणारी एजन्सी. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात हॉस्पिटलच्या गेटबाहेरच ब्युरोची कार्डं मिळतात. आजोबांना पॅरालिसिसचा झटका येतो, पाच-सात दिवसांनी डिस्चार्ज मिळतो आणि संध्याकाळी घरी कोण करणार या घाईत फोन लावला जातो. ‘दिवसाची हवी, रात्रीची की राहती?’ एवढा एकच प्रश्न पलीकडून येतो, आणि बहुतेक जण राहती सांगतात, कारण ती दोन पाळ्यांपेक्षा स्वस्त पडते.

राहती म्हणजे चोवीस तास. हा हिशेब कागदावर मांडून बघावा. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असं डॉक्टर सांगतात. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा : पाच वेळा उठणं आलं. मधे डायपर बदलणं, पाणी देणं. सकाळी स्पंजिंग, नाश्ता, गोळ्या, फिजिओथेरपिस्ट आले की धरायला उभं राहणं, कपडे, दुपारचं जेवण. त्यात बऱ्याच घरांत ‘बसूनच असतेस ना, जरा पोळ्या टाक’ची भर पडते. असं एक आठवडा कुणीही करू शकेल. तिसऱ्या आठवड्यात ती रात्री दोनची कूस चुकवणार, आणि मग चारचीही. आजोबांच्या पाठीवरची जखम तिथून सुरू होते. घरचे ब्युरोला फोन करून ‘बाई झोपा काढते’ म्हणतात, ब्युरो दुसरी बाई पाठवतो, आणि तिसऱ्या आठवड्यात हेच पुन्हा.

खाटेवरच्या माणसासाठी एकच राहती बाई ठेवायचीच असेल, तर रात्रीच्या किमान दोन वेळा घरातल्यांनी वाटून घ्याव्यात आणि दुपारी तिला सलग तीन-चार तास दार लोटून झोपायला द्यावं. परवडत असेल तर बारा-बारा तासांच्या दोन जणी ठेवाव्यात. दोन्ही जमत नसेल, तर निदान आठवड्याची एक पूर्ण सुट्टी आणि त्या दिवशीची बदली आधी ठरवून मगच काम सुरू करावं. सुट्टी दिली तर परत येणार नाही, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. जाणारी बाई सुट्टी न मिळाल्यानेही जातेच, आणि तेव्हा सांगून जात नाही.

ब्युरोशी बोलताना एका गोष्टीचा संकोच सोडावा : महिन्याला देतो त्यातले मावशीच्या हातात किती पडतात? हे ब्युरोवाल्याला आणि मावशीला वेगवेगळं विचारा. दोन आकडे जुळले नाहीत तर काय समजायचं ते समजा. ब्युरोचा धंदा माणूस शोधून देण्याचा आहे आणि त्याचं कमिशन त्याने घ्यावं. पण पहिला महिना अडकवून ठेवणं, मधेच सोडलं तर पैसे बुडवणं, आधारकार्ड ठेवून घेणं असे प्रकार दिसले तर दुसरा ब्युरो बघा. ‘ईएसआय भरता का?’ विचारलंत तर उत्तर येईल, ‘त्या आमच्या नोकर नाहीत, आम्ही फक्त पाठवतो.’ आणि बाई थेट घरी ठेवायची ठरवलीत तर तोच ब्युरो म्हणेल, ‘ती आमची बाई आहे, तुम्ही परस्पर ठेवू शकत नाही.’ ती नोकर कुणाची, हे सोयीप्रमाणे बदलतं. पोलिस पडताळणी ब्युरोने केली आहे असं तोंडी सांगितलं, तर कागद मागून घ्या.

कामाची यादी पहिल्याच दिवशी लिहून भिंतीला लावा. पेशंटचं काय काय करायचं, कोणती गोळी किती वाजता, आणि काय करायचं नाही. या शेवटच्या रकान्यात स्वयंपाक, भांडी आणि नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडणं लिहा. वेगळी कामं हवी असतील तर वेगळे पैसे ठरवा. उचलाउचल हा सगळ्यांत दुर्लक्षित विषय. सत्तर किलोच्या माणसाला पन्नास किलोची बाई काखेत हात घालून ओढते, तेव्हा त्याचा खांदा आणि तिची कंबर दोन्ही जातात. कमरेखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी सरकवायचं तंत्र हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्टकडून डिस्चार्जच्या दिवशीच मावशीला आणि घरातल्या एकाला शिकवून घ्या. पाठ वर-खाली होणारा पलंग भाड्याने मिळतो. तो आजोबांसाठी जितका, तितकाच तिच्यासाठीही.

पैशांचं अगदी थोडक्यात. पगार ठरल्या तारखेला आणि शक्यतो तिच्याच बँक खात्यात. तिचं वय अठरा ते सत्तर असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. पन्नाशीच्या आत असेल तर जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा. हे ४५६ रुपये घराने भरले तर कुणाचं दिवाळं निघत नाही. ई-श्रम पोर्टलवर तिची नोंद नसेल तर करून द्या. घरातल्या कॉलेजकुमाराला दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आता जे बोलायला अवघड जातं ते. ज्या हातांनी आजींची गुदमार्गाची स्वच्छता होते, त्या हातांना घरातला कप चालत नाही, असं आजही सुशिक्षित घरांत आढळतं. वेगळं ताट, वेगळा ग्लास आणि बाथरूमसाठी खालच्या मजल्यावर वॉचमनचं. बारा तास काम करणारी बाई लघवी दाबून धरते, त्यासाठी पाणी पीत नाही, आणि तिला वारंवार युरिन इन्फेक्शन होतं. कामावर ठेवताना बाथरूम कुठलं वापरायचं ते आपण होऊन दाखवा. दुसरी गोष्ट चोरीचा आळ. दागिने आणि रोकड आधीच कपाटात, कुलपात हलवा. हा अविश्वास नव्हे, तिला संशयापासून वाचवणं आहे. तिसरी सगळ्यांत नाजूक : स्मृतिभ्रंश झालेले आजोबा कधी अंगचटीला येतात, कधी घरातला दुसरा कुणी, ज्याला कसलाच भ्रंश झालेला नसतो. आजोबांसाठी पुरुष काळजीवाहू, म्हणजे हॉस्पिटलच्या भाषेत ‘मामा’ बघा. दुसऱ्या प्रकाराला कायदा आहे : २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू आहे आणि त्यांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला २०२५ च्या जानेवारीत सांगितलं होतं. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला. भारताने मत बाजूने दिलं, मंजुरी मात्र दिलेली नाही.

मुलं परदेशात आणि आई-बाबा कोथरूडला किंवा डोंबिवलीला, अशा घरांनी कॅमेऱ्याबद्दल थोडं थांबून विचार करावा. कॅमेरा लावायचा तर मावशीला सांगून, आणि बाथरूम व तिची झोपायची जागा वगळून. मध्यरात्री न्यू जर्सीहून ‘तुम्ही अकरा मिनिटं खोलीत नव्हता’ असा फोन आला, की चांगली बाई पुढच्या महिन्यात काम सोडते. टिकते ती, जिला दुसरीकडे कुणी ठेवत नाही. कॅमेऱ्याला कूस बदललेली दिसते, टाचेवरचा लाल डाग दिसत नाही. त्यासाठी गावातला एखादा भाचा, शेजारच्या काकू किंवा पैसे देऊन ठेवलेली भेटीची नर्स आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष जायला हवी. तिने अंग बघावं आणि मावशीलाही विचारावं, तुम्हाला काय कमी पडतंय?

हे सगळं करूनही चांगली माणसं मिळणं दिवसेंदिवस कठीण होणार आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आणि काळजीवाहू आहेत. होम हेल्थ एडचा कोर्स केलेली साताऱ्याची मुलगी जर्मन शिकून स्टुटगार्टला गेली तर तिला बोल लावायचं कारण नाही. ती गेल्यावर इथे उरतात त्या शिकायची संधीच न मिळालेल्या बायका. त्यांच्या शिक्षणाचा खर्च ना ब्युरो करतो, ना घर. कुणा घराने मावशीला महिनाभर शनिवार-रविवारी अशा कोर्सला पाठवून फी भरली, तर तो खर्च सहा महिन्यांत वसूल होतो.

आणि बिनसलंच, तर? आधी लेखी. व्हॉट्सॲपवर का होईना, पण तारखेसकट आश्रमाला किंवा ब्युरोला कळवा. जखमेचे फोटो, वजनाचे आकडे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे. मारहाण, कोंडून ठेवणं असेल तर थेट पोलिस. पैसे घेऊन सेवा दिली आणि ती सदोष निघाली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात, वकिलाशिवाय, ऑनलाइनसुद्धा तक्रार करता येते. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

तक्रार करताना ‘अमुक बाईने दुर्लक्ष केलं’ एवढ्यावर थांबू नका. त्या रात्री ड्युटीवर किती जणी होत्या, त्यांच्याकडे किती पेशंट होते, त्यांची ती सलग कितवी ड्युटी होती, हे प्रश्न तक्रारीत घाला आणि हजेरीचं रजिस्टर हजर करायची मागणी करा. नाहीतर आश्रम त्या बाईला काढतो, माफीचं पत्र देतो आणि दुसऱ्या रात्री तेवढ्याच पेशंटवर नवी बाई बसवतो.

आई-वडिलांना तिथून हलवायचं ठरलं, तर निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी औषधांची पूर्ण यादी, शेवटच्या रक्त तपासण्या आणि डिपॉझिट परतीची तारीख लेखी घ्या. जी मावशी त्यांचं करत होती तिच्यापाशी अर्धा तास बसा. जेवताना कोणती बाजू बरी, रात्री कितीला उठतात, कशाने चिडतात, काय म्हटलं की गोळी घेतात, हे तिच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद नव्या बाईच्या हातात द्या.